व्यसनातून बाहेर आलेल्या मुलाचं लग्न: ‘पुढच्या पिढीत उतरतं’ हे कितपत खरं?

लोकमान्यनगरची_ताई

इंदूरकर मंडळींनो, मदत हवी आहे. ऐकीव नको, ज्यांना खरंच माहीत आहे त्यांनी लिहा.

माझा धाकटा भाऊ कॉलेजात असताना ब्राऊन शुगरच्या, म्हणजे भेसळीच्या हेरॉइनच्या, नादी लागला. आधी पन्नीवर ओढायचा, शेवटी शेवटी सुईवर गेला. माल चमच्यात तापवल्यानं घरातल्या चमच्यांची बुडं काळी पडायची. आई ते चमचे चिंच लावून घासत बसायची आणि गॅसच्या बर्नरला दोष द्यायची. त्यातून तो आता बाहेर आला आहे. सरकारी रुग्णालयात उपचार चालू आहेत, जिभेखाली ठेवायची गोळी घेतो, नोकरी नीट आहे.

त्याच्याच ऑफिसातल्या एका मुलीशी लग्न ठरतंय. तिला सगळं ठाऊक आहे, तिच्या घरच्यांपासूनही आम्ही काही लपवलेलं नाही. तिचे वडील भला माणूस आहेत. परवा घरी आले, चहा झाला, आणि शांतपणे म्हणाले, “मुलगा सुधारलाय, ते मला दिसतंय. पण एवढी वर्षं हे विष अंगात गेलंय. उद्या नातवंडं झाली तर त्यांच्यात उतरणार नाही ना?”

मला उत्तर देता आलं नाही. ते विष अंगात राहतं का? गुणसूत्रं बिघडतात का? बापाच्या व्यसनानं मूल जन्मतःच व्यसनी होतं का? त्या बाबांना खरं काय ते सांगायचं आहे, नुसता दिलासा द्यायचा नाही.

राजवाड्याचे_काका

ताई, तुमच्या भावाचं कौतुक आहे. पण खाण तशी माती हे आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. आम्ही कॉलेजात होतो तेव्हा एलएसडी या नशेच्या पदार्थानं गुणसूत्रं तुटतात असं वर्तमानपत्रांत छापून आलं होतं, मोठमोठ्या शास्त्रज्ञांच्या हवाल्यानं. तो मुलीचा बाप काळजी करतो त्यात गैर काहीच नाही. माझं मत, काही वर्षं थांबावं.

निवृत्त_औषधशास्त्र

ताई, तुमच्या प्रश्नात तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एकत्र झाल्यामुळेच गोंधळ होतो. महाविद्यालयात हाच विषय शिकवण्यात हयात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी विष अंगात राहण्याबद्दल. हेरॉइन शरीरात गेलं की काही मिनिटांत मोडायला लागतं आणि त्याचं मॉर्फिन होतं. लघवीत मॉर्फिन साधारण दोन-तीन दिवस सापडतं, मग नाही. गांजाचं वेगळं, त्यातला टीएचसी हा नशेचा घटक चरबीत मुरतो, म्हणून रोज ओढणाऱ्याच्या लघवीत तो कित्येक आठवडे दिसू शकतो. तुमच्या भावाच्या अंगात ते ब्राऊन शुगर आज उरलेलं नाही.

उरतं ते त्यानं केलेलं नुकसान. ब्राऊन शुगर म्हणजे शुद्ध हेरॉइन कधीच नसतं. त्यात काय कालवलंय हे पुडी विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. 1982 साली कॅलिफोर्नियात काही तरुण अचानक लाकडासारखे ताठ झाले, बोलता येईना, हलता येईना. त्यांनी घेतलेल्या घरगुती नकली हेरॉइनमध्ये एमपीटीपी नावाचं रसायन चुकून तयार झालं होतं. मेंदूच्या ज्या पेशी मेल्यानं म्हातारपणी पार्किन्सन होतो, नेमक्या त्याच पेशी त्यानं मारल्या. भेसळीचा हा धोका रस्त्यावरच्या प्रत्येक पुडीत असतो. सुईतून जंतू गेले तर हृदयाच्या झडपांना संसर्ग होतो, शिरा बंद पडतात. अफूच्या कुळातल्या सगळ्याच पदार्थांनी पुरुषांतलं टेस्टोस्टेरॉन घटतं, बायकांची पाळी अनियमित होते किंवा थांबते. बद्धकोष्ठ तर इतकं चिवट की बाकी बऱ्याच त्रासांची सवय होते, त्याची होत नाही.

आता गुणसूत्रं. काकांना आठवतंय ते बरोबर आहे. 1967 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एलएसडीमुळे पांढऱ्या पेशींतली गुणसूत्रं तुटल्याचा लेख आला आणि जगभर घबराट झाली. पण त्याच ‘सायन्स’मध्ये 1971 साली तोवरच्या सगळ्या अभ्यासांचा आढावा आला. शुद्ध एलएसडी साधारण मात्रेत घेतल्यानं माणसाची गुणसूत्रं तुटतात असं त्यात निघालं नाही. पहिली बातमी घरोघरी पोचली, दुसरी पोचली नाही. दुसरी पोचायला हवी होती असं मला आजही वाटतं, कारण त्या भीतीपायी किती पोरांच्या घरच्यांनी त्यांना कायमचं ‘बिघडलेलं’ ठरवलं असेल.

आणि समजा एखाद्या पदार्थानं डीएनए खरोखर बिघडवला, तरी कुठल्या पेशीतला हे पाहावं लागतं. फुप्फुसाच्या किंवा मूत्राशयाच्या पेशीत झालेला बिघाड त्या माणसाला कर्करोग देऊ शकतो, मुलाला नाही. मुलाकडे जायचा तर तो बीजपेशीत व्हावा लागतो. दीर्घ व्यसनात शुक्राणूंची संख्या आणि हालचाल कमी होते, त्यांच्यातला डीएनए जास्त तुटका आढळतो, हे खरं आहे. पण पुरुषात शुक्राणू सतत नवे बनत असतात, एक फेरी पुरी व्हायला साधारण अडीच महिने लागतात. भावाला व्यसन सोडून त्याहून कितीतरी जास्त काळ झाला असणार.

अनुवंशाचा तिसरा भाग राहिला, तो रात्री लिहितो.

मंदसौरचा_जावई

सरांनी मूत्राशयाचं नाव घेतलं म्हणून लिहितो. माझी सासुरवाडी अफूच्या पट्ट्यातली. तिकडे दहा-दहा आरीचे पट्टे, म्हणजे अफू पिकवायचे सरकारी परवाने, असतात, बोंडाला दुपारी चिरा लावायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाळलेला चीक खरडून घ्यायचा. माल सरकारी तोलावर जातो, नीमचच्या कारखान्यात त्याचं औषध होतं. घरातल्या म्हाताऱ्यांनी मात्र थोडी ‘घरची’ खाल्लेली असते, सांधेदुखीला म्हणून, जुलाबाला म्हणून. माझ्या पत्नीचे आजोबा रोज हरभऱ्याएवढी गोळी घ्यायचे आणि कुणी त्याला व्यसन म्हटलेलं मी ऐकलं नाही. शेवटी लघवीतून रक्त जायला लागलं. मूत्राशयाचा कर्करोग निघाला. तेव्हा डॉक्टरांनी बिडीलाच दोष दिला. अफूचा खरंच संबंध असतो का, सर?

निवृत्त_औषधशास्त्र

असतो. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगावर संशोधन करणारी जी संस्था आहे, आयएआरसी, तिनं 2020 मध्ये अफूसेवन ‘गट 1’मध्ये टाकलं. म्हणजे माणसात कर्करोग करतं असा पुरेसा पुरावा असलेला गट, ज्यात तंबाखू, दारू आणि सुपारी आधीपासून आहेत. मूत्राशय, स्वरयंत्र आणि फुप्फुस, या तीन ठिकाणच्या कर्करोगांबद्दल पुरावा स्पष्ट आहे. बराचसा इराणमधून आला, तिथेही अफू खाण्या-ओढण्याची जुनी रीत आहे. बिडीचा परिणाम वेगळा काढूनही अफूचा धोका उरतो. आजोबांच्या बाबतीत नेमकं कशामुळे झालं हे आता कुणी सांगू शकणार नाही, पण अफूला निर्दोष धरता येत नाही.

म्हणून म्हणतो, डीएनएला इजा करणाऱ्या पदार्थांची काळजी असेल तर आधी घरातल्या गुटख्याच्या पुडीकडे आणि बाटलीकडे पाहा. दारूचं शरीरात अॅसिटाल्डिहाइड होतं, ते डीएनएला थेट चिकटतं. लग्नाच्या बोलणीत ‘मुलगा कधीमधी घेतो’ हे आपण हसत ऐकून सोडून देतो.

राजवाड्याचे_काका

ठीक, एलएसडीचं मागे घेतो. पण सर, दारुड्या बापाचा पोरगा दारुडा निघालेला आपण प्रत्येक गल्लीत पाहिलाय. ते कसं नाकारणार?

निवृत्त_औषधशास्त्र

नाकारत नाही, काका. तोच तिसरा भाग.

व्यसनाकडे झुकण्याचा कल काही अंशी आनुवंशिक असतो. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून तो वाटा साधारण 40 ते 60 टक्के निघतो. पण ह्या आकड्याचा अर्थ नीट घ्या. व्यसनी माणसाच्या मुलाला व्यसन लागण्याची शक्यता 50 टक्के, असा तो अजिबात नाही. लोकांमध्ये जो फरक दिसतो, कुणी सहज अडकतो आणि कुणी नाही, त्या फरकापैकी निम्म्याच्या आसपास वाटा जनुकांचा, एवढंच तो सांगतो.

डेन्मार्कमधला 1973 चा अभ्यास पाहा. मद्यपी वडिलांची मुलं, जी लहानपणीच दत्तक गेली आणि त्या बापासोबत वाढलीच नाहीत. त्यांच्यातल्या 18 टक्के मुलांना मोठेपणी दारूचं व्यसन लागलं. ज्यांचे जन्मदाते मद्यपी नव्हते अशा दत्तक मुलांत हे प्रमाण 5 टक्के होतं. साडेतीन पट फरक, तुम्ही म्हणता ते खरंच. पण त्याच आकड्यात 82 टक्के मुलं त्या वाटेला गेली नाहीत हेही आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ताई. हा कल भावाने ब्राऊन शुगर घेतल्यानं तयार झालेला नाही. असलाच तर तो त्याच्या जन्मापासून आहे, तुमच्यातही असू शकतो. तुमच्या मुलांनाही तोच अंश मिळाला असेल, आणि तुमच्या लग्नाच्या वेळी हा प्रश्न कुणी विचारला नसेल. एकच असं ‘व्यसनाचं जनुक’ नाही. शेकडो जनुकांचे बारीक बारीक वाटे असतात, आणि त्यावर घर, संगत, पदार्थ किती सहज मिळतो, कोणत्या वयात मिळतो, हे सगळं.

व्यसनाने जनुकांच्या वापरात मात्र बदल होतात. डीएनएवर मिथाइल नावाचे छोटे रासायनिक गट चिकटतात किंवा सुटतात, तो ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो ती बदलतात, आणि काही जनुकं जास्त बोलू लागतात, काही गप्प होतात. मेंदूच्या बक्षीस-केंद्रात, म्हणजे सुखाची जाणीव देणाऱ्या भागात, हे घडतं म्हणून सोडल्यावरही वर्षानुवर्षं ओढ उफाळते. यातलं बरंचसं हळूहळू परततं. धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तात एएचआरआर नावाच्या जनुकावरची ही खूण सोडल्यानंतर काही वर्षांत बऱ्याच अंशी भरून येते, हे मोजलेलं आहे.

हे बदल बापाकडून मुलात उतरतात का? उंदरांत काही प्रमाणात दिसलंय. पण 2013 च्या एका गाजलेल्या प्रयोगात कोकेन घेतलेल्या नरांची नर पिल्लं कोकेनला उलट कमी भुलली. माणसात असं उतरणं सिद्ध झालेलं नाही.

वॉर्डातली_सिस्टर

सरांनी बापाबद्दल लिहिलं, मी आईबद्दल लिहिते, कारण बाळाला थेट इजा होते ती पोटात असताना.

नवजात विभागात ड्यूटी केली आहे. गरोदरपणात आई हेरॉइन किंवा तसलंच काही घेत असेल तर बाळ जन्मल्यावर एक-दोन दिवसांत तोड, म्हणजे नशा अचानक तुटल्याचा त्रास, सुरू होते. हात थरथरतात, रडणं कर्कश आणि न थांबणारं, सारखं काहीतरी चोखायला बघतं पण दूध नीट ओढता येत नाही, शिंका आणि जुलाब. अशा बाळाला घट्ट गुंडाळून, दिवे मंद करून छातीशी धरून बसावं लागतं, लागलं तर मॉर्फिनचे थेंब मोजून देऊन हळूहळू कमी करतात. बाळ बरं होतं. हे आनुवंशिक नाही, त्या बाळाच्या जनुकांत काही बिघडलेलं नसतं. दारूचं नुकसान मात्र कायमचं असतं, गर्भाच्या मेंदूची घडणच बदलते. आणि कुणा गरोदर बाईला व्यसन असेल तर तिनं स्वतःच्या मनानं झटक्यात सोडू नये, बाळ दगावू शकतं. डॉक्टरांकडे न्या, तिला रागावू नका.

ताई, तुमच्या घरात येणारी मुलगी निर्व्यसनी असेल तर हा प्रश्नच नाही. मला काळजी वेगळीच वाटते. तुम्ही सुई म्हणालात. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, ह्या तीन तपासण्या झाल्या आहेत का? नातवंडांच्या गुणसूत्रांची चर्चा इथे एवढी झाली, पण बायकोला आणि तिच्याकडून बाळाला खरोखर जाऊ शकतं ते हेच. एमवायला, म्हणजे इंदूरच्या सरकारी एमवाय रुग्णालयात, या तपासण्या होतात, एचआयव्हीच्या तपासणीला पैसे पडत नाहीत आणि नाव गुप्त राहतं.

पुन्हा_उभा

मीही त्याच वाटेवरून आलोय, म्हणून गोळीबद्दल. लग्नाच्या घाईत घरचे म्हणतील, “आता बरा झालास ना, मग ती गोळी बंद कर, म्हणजे आम्हालाही सांगता येईल की काही चालू नाही.” कृपा करून हे करू नका. ब्युप्रेनॉर्फिन, म्हणजे जिभेखालची ती गोळी, ओढ आणि तोड दोन्ही दाबून ठेवतं आणि ठरावीक मर्यादेपुढे नशा चढू देत नाही. डॉक्टर सांगतील तेव्हाच आणि तसंच कमी करायचं.

यात जिवाचा प्रश्न आहे. सोडून काही महिने झाले की शरीराची सहनशक्ती उतरते. मग एक दिवस पाय घसरला आणि जुन्या सवयीनं जुनीच मात्रा घेतली तर श्वास थांबतो. माझा जोडीदार तसाच गेला, शहराबाहेरच्या एका केंद्रातून सुटल्यावर, त्याच आठवड्यात. तिथे त्याला साखळीनं खाटेला बांधून तोड काढायला लावली होती, औषध काही नाही. माणसाला साखळदंड घालणं 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं गुन्हा आहे, हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं.

घरच्यांनी लक्षणं पाठ ठेवावीत: बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, ओठ निळसर, श्वास मिनिटाला मोजकेच, घोरल्यासारखा आवाज, हलवून जाग नाही. झोपलाय म्हणून पांघरूण घालू नका. कुशीवर वळवा, 108 ला फोन करा, काय घेतलं ते खरं सांगा. नॅलॉक्सोनचं इंजेक्शन मिनिटांत श्वास परत आणतं, पण त्याचा असर तास-दीड तासात उतरतो, म्हणून रुग्णालयात थांबावंच लागतं.

सुदामानगर_मेडिकल

दुकान चालवतो, त्यामुळे माझ्याकडून एक भर. जनुकांचा संबंध माझ्या काउंटरवर सगळ्यात जास्त येतो तो कोडीनच्या खोकल्याच्या औषधात. कोडीन यकृतात गेल्यावर त्याचं मॉर्फिन होतं, आणि ते करणारं सीवायपीटूडीसिक्स हे एन्झाइम प्रत्येकाचं वेगळ्या वेगाचं असतं. काहींना कोडीन लागूच पडत नाही. काहींत इतकं झपाट्यानं मॉर्फिन बनतं की नेहमीच्या चमच्यानेही लहान मुलाचा श्वास मंदावतो. अमेरिकेत 2017 पासून 12 वर्षांखालच्या मुलांना कोडीन वर्ज्य आहे. इथे आजही लोक “तेच मागचं सिरप द्या, पोराला छान झोप लागते” म्हणून येतात. देत नाही. तेव्हा ते नाराज होतात.

झोपेच्या गोळ्याही झटक्यात बंद करू नयेत, अल्प्राझोलाम वगैरे. महिनोन्महिने घेतलेली एका रात्रीत बंद केली तर फिट येऊ शकते, दारूचंही तेच. हेरॉइनची तोड भयंकर असते पण ती एरवी जीव घेत नाही, ह्या दोन्हींची घेऊ शकते.

भंवरकुआं_आई

धागा भरकटवत नाही, एकच विचारते. मुलगा कोचिंगला आहे, गांजा ओढतो हे कळलंय. माझ्या सख्ख्या दिराला स्किझोफ्रेनिया आहे. संबंध आहे का? पोलिसांच्या भीतीनं कुणाकडे जाताही येत नाही.

निवृत्त_औषधशास्त्र

संबंध आहे, आणि थांबू नका. 1987 साली स्वीडनमधल्या सैन्यभरतीच्या तरुणांचा अभ्यास आला, त्यात 50 हून जास्त वेळा गांजा घेतलेल्यांत स्किझोफ्रेनियाचं प्रमाण सुमारे सहापट दिसलं. वय जितकं लहान आणि माल जितका कडक, तितका धोका जास्त. रक्ताच्या नात्यात हा आजार असेल तर जनुकांचा कल आणि गांजा एकमेकांत भर घालतात. त्याला दम देऊन नाही, त्याच्या आजारी काकांचं, म्हणजे तुमच्या दिरांचं, उदाहरण समोर ठेवून सांगा. संशय, कानात आवाज, रात्र रात्र जागणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे.

पोलिसांचं: एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याचं कलम 64-ए वाचा, उपचारासाठी आपणहून पुढे येणाऱ्या व्यसनी माणसाला त्यात खटल्यापासून संरक्षण आहे. 14446 ही केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन, फोन फुकट.

लोकमान्यनगरची_ताई

सगळ्यांचे मनापासून आभार. मुलीच्या वडिलांना सरांचा आणि सिस्टरचा प्रतिसाद वाचून दाखवला. डेन्मार्कचे आकडे त्यांनी वहीत उतरवून घेतले. थांबायचं त्यांनी म्हटलं नाही, तपासण्या करून घेऊ म्हणाले, आणि भाऊ स्वतःहून दुसऱ्याच दिवशी गेला.

एचआयव्ही निगेटिव्ह, हिपॅटायटिस बी निगेटिव्ह. हिपॅटायटिस सीची अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली आहे. घरात कालपासून कुणी जेवलेलं नाही. मुलीला भावानं स्वतः सांगितलं, ती म्हणते पुढे काय करायचं ते विचारा.

वॉर्डातली_सिस्टर

ताई, आधी सगळे जेवा.

अँटिबॉडी पॉझिटिव्ह म्हणजे तो विषाणू कधीतरी अंगात आला होता. आज आहे की नाही ते त्यावरून कळत नाही, काही जणांचं शरीर त्याला आपोआप हुसकून लावतं आणि अँटिबॉडी तेवढी मागे राहते. आता ‘एचसीव्ही आरएनए’ म्हणजे व्हायरल लोड करायचा. तो निगेटिव्ह आला तर विषय संपला. पॉझिटिव्ह आला तर यकृताची तपासणी करून गोळ्या सुरू करतात, सोफोस्बुव्हिर आणि डॅक्लाटास्व्हिर, रोज घ्यायच्या, बहुतेकांना 12 आठवडे. 100 पैकी 95 हून जास्त रुग्णांत विषाणू पूर्ण जातो. 2018 पासूनच्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहे. ब्युप्रेनॉर्फिन चालू असताना ह्या गोळ्या घेता येतात, पण दोन्ही डॉक्टरांना दोन्ही औषधं सांगा.

नवरा-बायकोच्या संबंधांतून हिपॅटायटिस सी क्वचितच जातो. ब्लेड, दाढीचं सामान, टूथब्रश, नेलकटर मात्र वेगळं ठेवायचं. मुलीनं हिपॅटायटिस बीची लस घेतलेली नसेल तर भावासोबतच घ्यावी, दोघांनाही लागेल: आज, महिन्यानं आणि सहा महिन्यांनी. व्हायरल लोडसाठी रक्त द्यायला उपाशी जायची गरज नाही. सोमवारी ओपीडी सुरू होताच जा, जुना रिपोर्ट सोबत ठेवा.